अस्वलाला करंट लागतो का?

पन्नास लाख व्होल्ट! ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांपासून मिळणाऱ्या करंटवाल्या बॅटरीच्या जाहिरातीत असले आकडे सर्रास दिसतात. वस्तू दिसायला साधी: हातात मावणारी बॅटरी, पुढच्या कडेला धातूची दोन टोकं आणि बाजूला एक बटण. बटण दाबलं की टोकांमध्ये निळी ठिणगी नाचते आणि तडतड आवाज होतो. कुत्रा येवो, चोर येवो की बिबट्या, सगळ्यांवर हाच इलाज, असा विकणाऱ्याचा दावा असतो.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. कोरडी हवा विजेला अडवते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा सेंटीमीटरला साधारण 30 हजार व्होल्ट आहे. त्याच्या वर गेलं की हवा फुटते आणि ठिणगी उडते. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंतर असतं दोन-तीन सेंटीमीटर. म्हणजे 60 ते 90 हजार व्होल्टच्या आतच ठिणगी उडून जाते आणि दाब त्यापुढे चढू शकत नाही. खरोखर 50 लाख व्होल्ट असते, तर ठिणगीनं दीड मीटरहून लांब उडी घेतली असती आणि ती पहिल्यांदा बटण दाबणाऱ्याच्याच हातात शिरली असती.

शिवाय नुसत्या व्होल्टवरून धक्क्याची ताकद कळतच नाही. नागपूरच्या कोरड्या थंडीत लोकरी किंवा नायलॉनच्या कपड्यातून जी ठिणगी बोटाला चावते, तिच्यातही काही हजार व्होल्ट असतात. वसईच्या दमट हवेत हा अनुभव फारसा येत नाही, म्हणून आपल्याला व्होल्टच्या आकड्याचा जरा जास्तच धाक वाटतो. प्रवाह किती, तो किती वेळ वाहिला आणि शरीराच्या कुठल्या भागातून गेला, यावर सगळं ठरतं.

वसईत हा विषय 2024 च्या उन्हाळ्यात अगदी दाराशी आला होता. मार्चच्या अखेरीस किल्ल्यात बिबट्या दिसला. अंधारात एका दुचाकीस्वाराशी त्याची टक्करही झाली. नुकत्याच सुरू झालेल्या रो-रो बोटीच्या धक्क्याचा रस्ता किल्ल्याच्याच परिसरातून जातो, कोळीवाडे जवळ आहेत, सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारे आहेत. वनखात्यानं कॅमेरा ट्रॅप बसवले, पिंजरे लावले आणि अंधार पडल्यावर तिकडे फिरकू नका असं सांगितलं. सुमारे 25 दिवसांनी, एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात, बिबट्या पिंजऱ्यात आला. तेवढ्या दिवसांत त्यानं कुणा माणसाचा जीव घेतला नाही आणि कुणाला त्याच्यावर करंट सोडावा लागला नाही. बिबट्या असा अधूनमधून वसईत येत राहणार, कारण महामार्गाच्या पलीकडे तुंगारेश्वर आहे. 2003 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचं आहे आणि बिबट्या तिथला रहिवासी आहे.

अस्वल मात्र तुंगारेश्वरात नाही. वसई-विरारच्या जुन्या पिढीनं अस्वल पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं, वेसण घातलेलं, डमरूवर पाय उचलणारं. त्याच्या केसांचा ताईत लहान मुलांच्या गळ्यात बांधत. हा खेळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बेकायदा ठरला, तरी रस्त्यावरून तो पुरता उठायला 2009 साल उजाडलं. त्यामुळे अस्वल म्हणजे जरा वेंधळा, केसाळ, गमतीशीर प्राणी ही समजूत शहरात अजून टिकून आहे. मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याजवळ राहणाऱ्यांची समजूत तशी नाही. तिथल्या माणसांना विचारलं तर वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त वाटते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाघ माणसाची चाहूल लागताच बहुधा बाजूला होतो. अस्वलाचं तसं नाही.

ते तसं का नाही, हे समजल्याशिवाय करंटवाल्या बॅटरीचा उपयोग किती याचा अंदाज येणार नाही.

आपल्या अस्वलाचं मुख्य खाणं वाळवी, मुंग्या, मध आणि फळं. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, त्या वेळी नाकपुड्या मिटून घेतं, आणि त्या ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरही ऐकू जातो. वारूळ उकरायला त्याची नखं 10 सेंटीमीटरपर्यंत लांब असतात. नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. आता हे सगळं एकत्र ठेवा: डोकं वारुळात, स्वतःच्याच आवाजानं कान भरलेले, वारा उलटा. माणूस पाच-दहा मीटरवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि दाट झुडपामुळे माणसालाही नसतो. मग दोघंही एकदम दचकतात.

दचकलेलं हरीण पळतं. अस्वल पळत नाही, कारण पळून त्याचं भागत नाही. ज्या जंगलात ते वाढलं तिथे वाघ आहे, आणि वाघापुढून पळणं म्हणजे पाठ दाखवणं. म्हणून ते मागच्या पायांवर उभं राहतं, ओरडतं आणि अंगावर येतं. माणसाच्या बाबतीत त्याचा पंजा पडतो तो चेहऱ्यावर आणि डोक्यावर. छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल 1998 ते डिसेंबर 2000 या काळात अभ्यासकांनी अस्वलाच्या हल्ल्यांच्या 137 घटना नोंदवल्या. मृत्यू होते 11. बाकीचे वाचले, पण त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला डोळा, नाक, टाळू यांच्या कायमच्या जखमा आल्या. अस्वलाला माणूस खायचा नसतो. समोरची भीती संपवायची असते, आणि ती संपली की ते निघून जातं.

आता त्याच्यासमोर बॅटरी धरू.

धक्का देणारी साधनं दोन जातींची आहेत. एक म्हणजे वर सांगितलेली, अंगाला टेकवून चालवायची. तिच्या दोन टोकांमधलं अंतर दोन-तीन सेंटीमीटर, त्यामुळे प्रवाह तेवढ्याच कातडीतून जातो. दुखतं, भाजल्यासारखं होतं, पण स्नायू जागेवर आखडत नाहीत. माणूस दुखण्याला घाबरून मागे सरतो. अस्वल आधीच जिवावर उदार झालेलं असतं. त्याच्या मानेवर आणि खांद्यावर केसांचं दाट जंगल असतं आणि ते केस काही ठिकाणी वीतभर लांब असतात. त्यांतून टोकं कातडीला लागायला हवीत, आणि ती लागावीत म्हणून तुमचा हात त्याच्या दोन्ही पंज्यांच्या मध्ये जायला हवा. अस्वलाच्या मिठीत शिरून त्याला झटका देणं हा बचावाचा मार्ग आहे असं म्हणायला मी धजणार नाही.

दुसरी जात टेझरची. अमेरिकेत नासामध्ये काम केलेले संशोधक जॅक कव्हर यांनी 1970 च्या दशकात ती घडवली आणि लहानपणी वाचलेल्या, 1911 साली निघालेल्या एका मुलांच्या कादंबरीतल्या टॉम स्विफ्ट या नायकाच्या बंदुकीवरून तिला नाव दिलं. तिच्या तोंडातून दोन छोट्या अणकुचीदार सुया सुटतात, त्यांच्या मागे केसासारख्या बारीक तारा उलगडत जातात, आणि सुया अंगात रुतल्या की तारांतून विजेचे ठोके सुरू होतात. पोलीस वापरत असलेल्या एका गाजलेल्या मॉडेलमध्ये हे ठोके सेकंदाला 19 असतात आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा छोटा असतो. सरासरी प्रवाह जेमतेम 2 मिलीअँपिअर. घरातल्या दिव्यापुढे हा प्रवाह काहीच नाही. पण स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंना एवढ्याच लयीचे ठोके पुरतात. स्नायू एक आकुंचन संपवायच्या आत दुसरं सुरू करतो, दुसरं संपायच्या आत तिसरं, आणि शेवटी तो आखडून राहतो. मेंदू काय म्हणतोय हे त्याला ऐकूच येत नाही. म्हणून नशेत असलेला, दुखणं न जाणवणारा माणूसही टेझरनं खाली पडतो.

तत्त्व म्हणून हे अस्वलालाही लागू आहे, कारण त्याचे स्नायू आणि मज्जातंतू आपल्याच पद्धतीनं चालतात. आणि हा प्रयोग झालेला आहे. अलास्काच्या वन्यजीव खात्यातले कर्मचारी लॅरी लुईस यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मूस नावाच्या अजस्र हरणावर आणि मग अस्वलांवर टेझर वापरून पाहिला. वस्तीतल्या कचराकुंडीवर चटावलेल्या अस्वलाला झटका दिला की ते पडतं, सुटताच धूम ठोकतं, आणि ती जागा काही काळ टाळतं, असं त्यांना दिसलं. त्यातून 2011 साली टेझर बनवणाऱ्या कंपनीनं खास वन्यजीवांसाठी एक मॉडेल काढलं. ते एकामागून एक तीन वेळा उडवता येतं आणि त्याचा पल्ला सुमारे 35 फूट, म्हणजे दहा मीटरच्या थोडा वर आहे.

तर मग झालं की! मेळघाटात प्रत्येकाच्या कमरेला एकेक टेझर लावू.

इथे थोडं थांबून अलास्कातलं दृश्य नीट बघायला हवं. अस्वल कचराकुंडीत गुंतलेलं आहे. ते तिथे येणार हे माहीत आहे. माणूस त्याच्याकडे ठरवून चाललाय, साधन हातात तयार आहे, अंतर त्यानं स्वतः निवडलं आहे, आणि त्याच्यामागे दुसरा माणूस भरलेली रायफल घेऊन उभा आहे. चुकलं तर ती रायफल आहे. अस्वलाला धडा शिकवण्याचं हे साधन आहे आणि त्या कामात ते बरं ठरलं.

मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या बाईच्या बाबतीत यातली एकही गोष्ट खरी नाही. तिचे दोन्ही हात फुलं वेचण्यात गुंतलेले असतात. अंतर तिनं निवडलेलं नाही, साधन कमरेला असलं तरी कमरेलाच आहे. अस्वलाचा वेग ताशी 30 किलोमीटर धरला तरी ते सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापतं. दचकणं, ओळखणं, हात कमरेला नेणं, साधन काढणं, खटका सोडणं, नेम धरणं, दाबणं. सराव असलेल्या पोलिसालाही याला एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो. साधन हातात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हल्ला होऊन गेलेला असतो.

शिवाय सुयांची भूमिती आड येते. त्या एकमेकींपासून थोड्या तिरप्या सुटतात, त्यामुळे जितकं अंतर जास्त तितक्या त्या लांब-लांब रुततात. दोन मीटरवर त्यांच्यात साधारण वीतभर, पाऊण फुटापेक्षा थोडं जास्त अंतर पडतं आणि मधले बरेच स्नायू सापडतात. अर्ध्या मीटरवर मात्र दोघी सात सेंटीमीटरवरच रुततात आणि मधला स्नायू मूठभरच असतो. लांबून मारावं तर नेम चुकण्याची भीती, जवळून मारावं तर परिणाम नाही. दोन्ही सुया रुतायला हव्यात, एक रुतून भागत नाही. आणि समजा सगळं जमलं. ठोके पाच सेकंद चालतात. तारेच्या एका टोकाला अस्वल आहे, दुसऱ्या टोकाला तुम्ही, आणि सहावं सेकंद येऊ घातलं आहे.

बिबट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि वसईकरांना तीच जास्त कामाची. बिबट्या पाठीमागून, चोरपावलांनी येतो. त्याला फुकटचा घास हवा असतो, भांडण नको असतं. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत एक वयस्क बाई संध्याकाळी घराबाहेर कट्ट्यावर टेकल्या असताना मागून बिबट्या आला. सीसीटीव्हीत दिसलं ते असं: बाई खाली पडल्या आणि पडल्या पडल्या हातातल्या चालण्याच्या काठीनं त्यांनी त्याला हाणलं. बिबट्या मागे सरला आणि निघून गेला. बाई वाचल्या. त्या काठीच्या जागी तडतडणारी बॅटरी असती तर तिनंही कदाचित तेच काम केलं असतं. पण काठी आधीच हातात होती, तिला लांबी होती, आणि चार्ज करायची गरज नव्हती.

आता एक शंका रास्त आहे. वीज नको, तर मिरचीचा फवारा? उत्तर अमेरिकेत अस्वलासाठी वेगळा फवारा मिळतो. आपल्याकडे पर्समध्ये ठेवतात त्या डबीपेक्षा तो बराच मोठा असतो आणि तिखटाचा ढग सात-आठ मीटरपर्यंत फेकतो. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या 1985 ते 2006 या काळातल्या अशा फवाऱ्याच्या 83 घटना तपासून 2008 साली निष्कर्ष मांडले. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत 92 टक्के वेळा आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत 90 टक्के वेळा फवाऱ्यानं अस्वलाचं वागणं थांबवलं. जवळून गाठ पडलेल्यांपैकी 98 टक्के लोकांना इजाच झाली नाही. पुढे 2012 साली त्याच मंडळींनी बंदुकांचा हिशेब मांडला. तिथे यश लांब नळीच्या बंदुकांना 76 टक्के आणि पिस्तुलांना 84 टक्के. ढग सुईपेक्षा आणि गोळीपेक्षा सरस ठरतो, कारण ढगाला नेम लागत नाही. तरी हे आकडे जसेच्या तसे विदर्भात आणता येणार नाहीत. त्या घटनांमध्ये कुतूहलानं किंवा खाण्याच्या वासानं आलेली अस्वलंही बरीच होती, आणि तिथे माणसाला फवारा काढायला वेळ मिळाला होता. पाच मीटरवर दचकलेल्या आपल्या अस्वलापुढे फवाराही त्याच सेकंदाच्या गणितात अडकतो.

जाता जाता बेशुद्धीच्या इंजेक्शनबद्दलही सांगायला हवं, कारण गावात बिबट्या किंवा अस्वल शिरलं की गर्दीतून पहिली आरोळी तीच येते: 'गन मारा ना!' सिनेमात सुई लागताच जनावर कोसळतं. प्रत्यक्षात झायलाझिन आणि केटामाइन यांचं मिश्रण अंगात भिनून जनावर आडवं व्हायला कित्येक मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत सुईनं बिथरलेलं जनावर गर्दीत कुठेही घुसू शकतं. वनखात्याचे लोक गर्दी हटल्याशिवाय बंदूक का उचलत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

मग वीज अस्वलापुढे कुचकामी का? मुळीच नाही. ती माणसाच्या मुठीत असली की कमी पडते, कुंपणात असली की उत्तम चालते. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. रानडुकरं आणि नीलगायी यांच्यासाठी लावलेलं 'झटका मशीन' आता गावोगाव दिसतं. सौर पाटी, बॅटरी, एक छोटा डबा आणि शेताभोवती फिरवलेल्या तारा. डबा साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर, काही हजार व्होल्टचा ठोका तारेत सोडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या ठोक्याची ऊर्जा जास्तीत जास्त 5 ज्यूल असू शकते, जी टेझरच्या एका ठोक्याच्या कित्येक पटींनी आहे. तरी जनावर आखडून पडत नाही, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये स्नायूला सावरायला पूर्ण सेकंद मिळतो. तेवढ्यात ते मागे उडी मारतं आणि निघून जातं. तेच तर हवं असतं!

केसांचा प्रश्न इथे जनावर स्वतःच सोडवतं. अस्वल नवी गोष्ट नाकानं तपासतं. ओलं, उघडं, मज्जातंतूंनी भरलेलं नाक तारेला लागतं आणि धडा एका भेटीत पक्का होतो. उत्तर अमेरिकेतले मधमाशीपालक आपल्या पेट्यांभोवती असंच कुंपण घालतात. काही जण तर तारेला मुद्दाम आमिष बांधतात, म्हणजे पहिला स्पर्श नाकाचाच होतो. दचकायला कुणी माणूस समोर नसतो, कुणाला नेम धरावा लागत नाही, आणि रात्री तीन वाजता तार झोपलेली नसते.

याच विचाराचा एक धाडसी प्रयोग आपल्या देशात सुंदरबनात झाला. 1980 च्या दशकात तिथल्या व्याघ्र प्रकल्पानं माणसाच्या आकाराचे पुतळे बनवले, त्यांना कोळ्यांचे, लाकूडतोड्यांचे, मध गोळा करणाऱ्यांचे वापरलेले कपडे घातले म्हणजे वास माणसाचाच येईल, आणि आतून तारा फिरवून बॅटरीवरचा झटका जोडला. वाघानं पुतळ्यावर झडप घातली की त्याला धक्का बसे. माणूस म्हणजे चटका, एवढं त्याच्या डोक्यात बसावं हा हेतू. पुतळा वाघाची वाट बघत होता, वाघ ठरवून त्याच्याकडे येत होता, म्हणून झटक्याला संधी होती. आपलं अस्वल माणसाकडे ठरवून येतच नाही, त्यामुळे त्याला पुतळ्यानं शिकवण्यासारखं फारसं काही नाही.

कुंपणाच्या बाबतीत एक फरक मात्र जिवाचा आहे, आणि तो दरवर्षी कुणीतरी विसरतं. झटका मशीन वेगळं आणि घरातल्या किंवा पंपाच्या लाइनीवरून थेट तारेत सोडलेला करंट वेगळा. पहिल्यात क्षणभराचा ठोका असतो. दुसऱ्यात प्रवाह अखंड वाहतो, चिकटलेला सुटत नाही आणि हृदय बंद पडतं. उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय' या गाजलेल्या वाघाचा बछडा 'श्रीनिवास' 2017 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ अशाच तारेवर मेला. अशा तारांवर शेतकरीही मेलेले आहेत, काही वेळा ज्यानं तार लावली तोच. सौर कुंपणासाठी राज्य सरकारची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना अनुदान देते, ती या दुसऱ्या तारेची गरज पडू नये म्हणूनच.

कायद्याचं काय? वसईहून ताडोब्याला किंवा मेळघाटला निघालेल्या पर्यटकानं बॅगेत करंटवाली बॅटरी टाकण्यापूर्वी हे वाचलेलं बरं. लांबून वीज सोडणारी टेझरसारखी साधनं शस्त्र नियम, 2016 नं परवान्याच्या चौकटीत आणली आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे, की जनावराला इजा करू शकेल किंवा बेशुद्ध करू शकेल असं कुठलंही उपकरण तीत येतं, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. अभयारण्यात वन्य प्राण्याला डिवचणं हाही गुन्हा आहे. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाच्या बरोबरीचं. दुसरीकडे, याच कायद्याच्या कलम 11 नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूनं जनावर जखमी झालं किंवा मेलं तर तो गुन्हा ठरत नाही. काठी, कुऱ्हाड, दगड, जे हाताला लागेल त्यानं जीव वाचवायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे.

आणि अस्वल अंगावर आलंच तर? अभ्यासकांचा सल्ला शाळेतल्या गोष्टीच्या फार जवळ जातो. दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलानं ऐकलेली असते. जमिनीवर पडून राहिलेला मित्र शहाणा होता, फक्त उताणा पडला असेल तर चुकला. पालथं पडायचं, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची, कारण जखमा होतात त्या चेहऱ्याला आणि मानेला. पाठीवर पिशवी असेल तर ती तशीच राहू द्यायची. पळायचं नाही. झाडावर चढलेल्या दुसऱ्या मित्राची अक्कल मात्र अगदीच कच्ची म्हणायला हवी. मधासाठी झाडावर चढणं हा अस्वलाचा रोजचा उद्योग आहे.

पण हे सगळं गाठ पडल्यानंतरचं. खरी मेख गाठ पडण्यातच आहे, आणि तिचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. ढोरं आणि शेजारीपाजारी यायच्या आत वेचायची म्हणून बाया अंधारातच घराबाहेर पडतात. अस्वलालाही मोह तितकाच आवडतो, आणि उन्हं चढायच्या आत खाऊन घ्यायची त्याची सवय आहे. त्यात अस्वलाची पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीत जन्मतात. दोन-अडीच महिने गुहेत काढून ती आईच्या पाठीवर बसून पहिल्यांदा बाहेर पडतात तो मोसमही हाच. तेच झाड, तीच पहाट, आणि पाठीवर पिल्लं असलेली अस्वलीण. यानंतर लगेच तेंदूपानाचा हंगाम लागतो आणि माणसं जंगलात आणखी आत जातात.

म्हणून उपाय शोधायचा तर या वेळापत्रकातच हात घालावा लागतो. एकट्यानं न जाता चार-पाच जणींनी मोठ्यानं बोलत जाणं हा जुना उपाय आहे आणि तो खरा आहे. अस्वलाला लांबून चाहूल लागली तर दचकायचं कारण उरत नाही. गुजरातेत प्राध्यापक निशिथ धरैया यांच्या गटानं याच विचारानं घंटा लावलेली काठी तयार केली. चालताना ती आपोआप वाजते, बटण दाबावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये गेल्या काही वर्षांत सुरू झाली आहे. तिथे मोहाच्या झाडाखाली, जमिनीपासून थोड्या उंचीवर जाळी बांधतात. हेतू अस्वलाचा नव्हताच. मातीत न पडलेलं, स्वच्छ फूल खाद्यपदार्थांसाठी चढ्या भावानं विकलं जावं, एवढाच होता. शिवाय झाडाखालचा पाला जाळून जागा मोकळी करण्याची गरज पडत नाही, त्यामुळे वणवेही कमी लागतात. पण जाळीत पडलेलं फूल ढोरांच्या पायाखाली जात नाही आणि ते एकेक करून वाकून वेचावं लागत नाही, तेव्हा माझ्या मते तिचा मोठा फायदा वेगळाच असू शकतो: बाईला चार वाजता अंधारात जायची गरज उरत नाही. ती नऊ वाजता, उन्हात, शेजारणीला हाक मारून जाऊ शकते आणि दहा मिनिटांत जाळी टोपलीत रिकामी करून परत येऊ शकते.